तळघरातले तांडेल सर

बोरिवलीच्या आमच्या इस्पितळात पेढ्यांचे पुडे तिसऱ्या मजल्यावर जात. तिथे बाळंतपणाचा विभाग होता. लिफ्टमनला एक, वॉचमनला एक, औषधाच्या दुकानवाल्याला एक असे वाटत वाटत लोक वर जायचे. तळघरात कोणी उतरत नसे. तळघरात होतं काय तर एक्स-रे, सोनोग्राफी, शेजारी जनरेटरची घरघर आणि आमचे तांडेल सर.

मी तिथे काउंटरवर सतरा वर्षं काढली. केसपेपर करायचे, रिपोर्ट टाइप करायचे आणि लोकांच्या शिव्या खायच्या. सर रेडिओलॉजिस्ट होते, पण नुसते फोटो वाचणारे नव्हेत. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत घालायची, समोरच्या पडद्यावर बघत ती पाहिजे त्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि तिथे बिघडलेला रस्ता बंद करायचा, हे त्यांचं खरं काम. पोट फाडायचं नाही, टाके नाहीत. अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून ते तासन् तास उभे राहत आणि बाहेर आले की कंबरेवर हात ठेवून जरा वेळ भिंतीकडे बघत राहत. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले.

त्यांच्या आडनावावरून विनोद करायचा मोह भल्याभल्यांना आवरत नसे. "सर, कोळ्याचे ना तुम्ही? जाळ्याचं काम रक्तातच आहे," असं कुठल्यातरी औषध कंपनीचा माणूस म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. सर शांतपणे सांगत, "माझा बाप पोस्टात पत्रं लावायचा. मासे आम्ही बाजारातून विकत आणायचो, आणि आई घासाघीस करायची." पुढच्याचं हसू जागच्या जागी जिरायचं. मला फार मजा वाटायची.

मला मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात असं झापलं की नोकरी सोडावीशी वाटली. केसपेपरवर एक रकाना होता, मुलं किती म्हणून. मी आपली सगळ्यांना विचारते तसं एका बाईला काउंटरवरून विचारलं, "मुलं किती?" आवाज माझा पहिल्यापासून मोठा. मागे आठ-दहा माणसं रांगेत. ती बाई काही बोलेना. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने विचारलं. तेवढ्यात आतलं दार उघडून सर बाहेर आले, त्या बाईला आत बसवलं आणि मग माझ्याकडे वळले.

"सावंतबाई, हा प्रश्न तोंडाने विचारायचा नाही. कागद फिरवून पुढे ठेवायचा, पेन द्यायचं आणि दुसरीकडे बघायचं."

"पण सर, एखादीला लिहिता येत नसेल तर?"

"तर आत पाठवा. आत निदान दार लावता येतं."

मी घरी जाऊन आईला सांगितलं की आमचा डॉक्टर तिरसट आहे. पुढे कितीतरी वर्षं माझं तेच मत होतं. पण त्या दिवसापासून मी कागद फिरवायला लागले, आणि दुसरीकडे बघायलाही.

त्यांच्याकडे सगळ्या तऱ्हेचे पेशंट येत, पण मला लक्षात राहिल्या त्या तरुण बायका. चार-दोन महिन्यांत एखादी यायची. गोष्ट साधारण एकच असे. दिवस गेलेले, ते पडलेले, मग पिशवी साफ केलेली, आणि तरी रक्त थांबत नाही. आपल्याकडे समजूत अशी की रक्त जातंय म्हणजे आत काहीतरी राहिलंय, तर पुन्हा साफ करा. बहुतेकींच्या बाबतीत ते बरोबरही असतं. पण एखादीच्या पिशवीत राहिलेलं काही नसतं, तिथल्या रक्तवाहिन्यांचा गुंता झालेला असतो, आणि तो खरवडला की रक्ताचा पूर येतो. मग घाबरून पिशवीच काढून टाकतात. जीव वाचतो आणि बाकीचं सगळं तिथेच संपतं.

प्राजक्ता अशीच आली. वय सव्वीस, राहायला दहिसरला, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बटणांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. बाहेर कुठेतरी तिची पिशवी दोनदा साफ करून झाली होती. तिसऱ्यांदा करायची ठरत होती, तेवढ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना शंका आली आणि त्यांनी तिला कलर सोनोग्राफीसाठी खाली धाडलं. पोरगी कागदासारखी पांढरी झाली होती. बरोबर नवरा आणि सासू. नवरा सारखा घाम पुसत होता. सासू आमच्याच बाजूची, मालवणकडची.

सरांनी सोनोग्राफी करून एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटावर पेन्सिलीने चित्र काढलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम पेन्सिलीचा एक तुकडा असे.

"ही पिशवीची भिंत. मोठ्या नळीतून रक्त येतं, बारीक बारीक नळ्यांत वाटलं जातं, मग परत जातं. हिच्या पिशवीत मधल्या त्या बारीक नळ्याच नाहीत. येणारी नळी थेट जाणारीला चिकटली आहे, म्हणून रक्ताला एवढा जोर आहे. आत राहिलेलं काही नाही. पुन्हा साफ करायला गेलं तर हिला घरी नेता येणार नाही."

सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "डॉक्टरानू, माका नातू नको. माजी सून जिती रवाक व्हयी. काडून टाका ती पिशवी."

अशा वेळी सासूला खाष्ट ठरवून मोकळं व्हायची आपल्याला सवय असते. मला तर त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. सरही तिच्याशी फार मऊ बोलले. म्हणाले, "आजी, जिती राहील. पण पिशवी पण ठेवून बघू. येणारा रस्ता आतून बंद करतो. नाहीच जमलं, तर वर मॅडम तयार आहेत."

नवऱ्याने विचारलं, "मग मूल होईल ना सर?"

"होऊ शकेल. होईल असं मी म्हणणार नाही."

हे वाक्य ते प्रत्येकीला सांगत. शब्दाचाही फरक नसे. मला त्याचा राग यायचा. एवढं मोठं काम करता, जरा धीर द्यायला काय जातं? पण ते हातचं राखूनच बोलत, आणि खरं तेवढंच सांगत, त्याहून जास्त आशा देत नसत.

काम अडीच तास चाललं. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांत त्यांनी स्पंजचा विरघळणारा चुरा सोडला. नंतर पडद्यावर तो गुंता दिसेनासा झाला, असं आमच्या टेक्निशियनने सांगितलं. रक्त थांबलं. पिशवी राहिली.

यानंतर एक नियम असतो. जिथून नळी घातली तो पाय सहा तास सरळ ठेवायचा, वाकवायचा नाही, उठून बसायचं नाही. प्राजक्ताला हे तीनदा सांगितलं होतं. पण संध्याकाळी सर वॉर्डात गेले, तिने त्यांना दारातून येताना पाहिलं आणि ही बया उठून बसली. पाया पडायला. नमस्कार पडल्या पडल्या कसा करायचा, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. जांघेतून भळकन रक्त आलं. सरांनी धावत जाऊन तिथे तळहात दाबून धरला आणि वीस-पंचवीस मिनिटं तसेच वाकून उभे राहिले, त्या मोडक्या कंबरेने. प्राजक्ता रडत म्हणत होती, "सॉरी सर, सॉरी सर." ते म्हणत होते, "बोलू नको. मोठे श्वास घे. काही होत नाही."

त्या दिवसापासून सर अशा पेशंटला भेटायला गेले की पलंगाच्या उशाकडून जात आणि तिथल्या बुटक्या लोखंडी कपाटाच्या आड उभे राहत. का, तर पाय दिसायला नकोत. दिसले की वाकतात. डोक्याच्या मागून आवाज आला की पेशंट बिचारी मान उलटी करून बघायची. नर्सेस तोंड दाबून हसायच्या. मीही हसले आहे.

प्राजक्ता चार दिवसांनी घरी गेली आणि पुढच्या तपासण्या मॅडमकडे वर सुरू झाल्या. आमच्याकडचं काम संपलं. कामाची रीतच ती. पेशंट मॅडमची, सर फक्त मधले अडीच तास. पुढे तिला दिवस गेले का, राहिले का, हे खाली कळायचा रस्ता नव्हता. पुष्कळ जणी तर बाहेरून पाठवलेल्या असत. नालासोपारा, मुलुंड, कुठून कुठून येत आणि परत जात. आणि सर विचारत नसत. मॅडमना नाही, पेशंटला नाही. मी एकदा म्हटलं, "सर, मी फोन करून विचारू का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी रजिस्टर उघडून उगाच काहीतरी लिहायला लागले.

पण त्यांना कळायला हवं होतं. किती हवं होतं, ते मला एका दुपारी समजलं. एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन चुकून खाली उतरला. मी काही म्हणायच्या आत त्याने समोर उभ्या असलेल्या सरांपुढे पुडा धरला. "डॉक्टरसाहेब, मुलगी झाली! तोंड गोड करा."

सरांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ते त्याला ओळखायचा प्रयत्न करत होते, कोणाचा नवरा असेल हा. त्यांचा चेहरा इतका उघडा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, "तुमच्या मिसेसचं नाव?" त्याने सांगितलं. नाव आमच्याकडचं नव्हतंच.  मग त्यांनी एक पेढा उचलला, पूर्ण खाल्ला, त्याचं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "मॅडम तिसऱ्या मजल्यावर असतात. लिफ्ट डाव्या हाताला." तो गेल्यावर ते आत गेले आणि दार लावून घेतलं. 

त्यांना स्वतःला मूल नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या मिसेस, सुमनताई, वर्षातून एकदा आमच्या इस्पितळाच्या पूजेला येत आणि माझ्या शेजारी बसत. फार बोलक्या होत्या. त्या गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी सर कामावर हजर झाले. दुपारी डबा नव्हता म्हणून मी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी आणि कुळथाची पिठी त्यांना नेऊन दिली. जेवता जेवता ते आपणहून बोलले. सतरा वर्षांत एवढं एकदाच.

"आमच्याकडे पाहुणे आले ना सावंतबाई, की थोड्या वेळाने तो प्रश्न यायचाच. काही गोड बातमी? इतकी वर्षं झाली, कोणाला दाखवलं का? दोष कोणात आहे? मला तो यायच्या आधी समजायचं. मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसायचो. नळ सोडून ठेवायचो. ती एकटी बाहेर उत्तरं द्यायची. वीस वर्षं दिली तिने. मी डॉक्टर माणूस, आत नळाचा आवाज ऐकत बसायचो."

 मी म्हटलं, "सर, पिठी आणखी घ्या."

ते म्हणाले, "ती कधी एका शब्दाने बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं."

त्यांचा न विचारण्याचा नियम कुठून आला ते मला तेव्हा उमगलं. त्यांना तिरसट म्हटल्याची लाजही वाटली. सुमनताईंच्या मागे ते चारकोपला सेक्टरमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. रविवारीही कामावर येत. करायला काही नसलं तर पेशंटचे जुने एक्स-रे काढून बघत बसत.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. कँटीनमध्ये शाल, नारळ, भाषणं, वेफर्स आणि केक. मॅडम त्यांच्याबद्दल फार मनापासून बोलल्या. सरांना बोलायला लावलं तर ते एवढंच म्हणाले, "मी माझ्या वाटणीचं अर्धं काम नीट केलं असं मला वाटतं. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं, मला माहीत नाही." लोकांना वाटलं नम्रपणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. शेवटी मीच ठरवलं की या माणसाला कळलंच पाहिजे. रजिस्टरमधून नंबर काढून असे फोन करणं नियमात बसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी केले. एक नंबर बंद झाला होता. दुसरीकडे कोणी पुरुष "राँग नंबर" म्हणून खेकसला. तिसरा प्राजक्ताने उचलला. मी ओळख दिली. तिला बरोबर आठवलं. मग मी, सतरा वर्षं कागद फिरवून दुसरीकडे बघणारी बाई, तोंडाने विचारून मोकळी झाले.

 तिने उलट मलाच विचारलं, "सरांनी विचारलंय का?"

मी घाबरले. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

"मग मी त्यांना येऊन सांगते. फोनवर नको. पत्ता द्या."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. नाही म्हणायला जीभ रेटेना आणि खरं सांगायची हिंमत होईना. पुढच्या रविवारी सकाळी मी तिला चारकोपच्या बस डेपोजवळ भेटले. एकटीच आली होती. थोडी अंगाने भरली होती, केसांत दोन-चार पांढरे. हातात काही नव्हतं, पुडा नाही, पिशवी नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. सेक्टरच्या गल्लीतून चालताना मी देवाला म्हणत होते, सर घरी नसू देत.

ते घरीच होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं. "दहिसर," म्हणाले. खुर्च्या पुढे ओढल्या. मग माझ्याकडे पाहिलं, की हे काय प्रकरण आहे. मी खाली बघत बसले.

प्राजक्ताने आडपडदा ठेवलाच नाही. "सर, तुम्ही विचारलंत असं ताई म्हणाल्या, म्हणून आले. मूल नाही झालं. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गेले. रक्ताचा त्रास मात्र पुन्हा कधी झाला नाही. मग आम्ही दोघांनी ठरवलं, बास आता."

 मी सरांच्या नावावर खोटं बोलले होते हे त्यांना समजलं होतं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते तिलाच म्हणाले, "मला वाटायचं, कोणी येत नाही म्हणजे सगळ्या आपापल्या पोराबाळांत रमल्या असतील. तशी समजूत करून घेतली होती मी."

"ज्यांना होतं त्या मॅडमकडे पेढे घेऊन जातात, सर," प्राजक्ता म्हणाली. "ज्यांना नाही होत त्या कुठेच जात नाहीत. काय तोंड घेऊन जाणार? तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, आणि आपण ते वाया घालवले असं वाटत राहतं."

"वाया?" सरांचा आवाज चिरकला. "तू काय वाया घालवलंस?"

"तेच सांगायला आले. आधी वाटायचं. आता नाही वाटत. तेव्हा पिशवी काढली असती ना, तर मी आयुष्यभर म्हटलं असतं, माझं काढून घेतलं. आता तसं नाही. आम्ही प्रयत्न केले आणि आम्हीच थांबलो. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, माझी सून जिती आहे तेवढं पुरे. त्या गेल्या मागच्या वर्षी. घरात आता आम्ही दोघंच."

मग सरांनी तिला ते विचारलं नाही जे सगळे विचारतात, की दत्तक का घेत नाही, पुन्हा कुठे दाखवलं का. त्यांनी विचारलं, कारखान्यात अजून जाते का, डोळ्यांना त्रास होतो का इतकी बटणं बघून. ती म्हणाली, आता सुपरवायझर आहे, तपासणाऱ्यांवर ओरडायचं काम. सर हसले. उठून त्यांनी स्वतः चहा केला, फार गोड आणि फार पांचट, आणि आम्ही तिघांनी तो पूर्ण प्यायला. तास दीड तास आम्ही बसलो होतो. त्यात काय बोललो ते आता नीट सांगता येणार नाही. घराला माणसांची सवय राहिली नव्हती, एवढं जाणवत होतं.

निघताना मी म्हटलं, "सर, माझं चुकलं." ते म्हणाले, "चुकलंच." बाकी काही नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी ते गेले, झोपेतच. मला ते शेवटचे दिसले ते त्या रविवारी. आम्ही दोघी जिना उतरायला लागलो होतो. पहिल्या वळणावर पोचलो तेवढ्यात वरून त्यांनी हाक मारली, "प्राजक्ता." आम्ही वळून पाहिलं. ते दारात उभे होते, कंबरेवर हात ठेवून, पण भिंतीकडे बघत नव्हते.

"पुन्हा येशील?"

कोणाला काही विचारायचं म्हणजे त्या माणसाला केवढं कठीण, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? 

"येईन ना सर," ती खालून म्हणाली. "पण सांगण्यासारखं काही नसेल माझ्याकडे."

"नसू दे," सर म्हणाले.